पैसा घरी, माणूस परदेशी

परदेशात काम करणाऱ्या माणसांनी घरी पाठवलेला पैसा मोजला, तर भारताचा नंबर जगात पहिला लागतो. २०२४ साली ही रक्कम १२९ अब्ज डॉलरच्या घरात होती. मेक्सिको, चीन, फिलिपीन्स हे यादीतले पुढचे देश त्याच्या बरेच मागे आहेत. ही बातमी दरवर्षी छापून येते आणि अभिमानाने वाचली जाते. पण हाच पैसा त्या त्या देशाच्या जीडीपीशी ताडून पाहिला की सगळा क्रम उलटतो. भारताचा आकडा साडेतीन टक्क्यांच्या आत-बाहेर राहतो. नेपाळचा पाव हिस्स्याच्या वर जातो, टोंगासारख्या चिमुकल्या बेटदेशाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो आणि ताजिकिस्तानचा काही वर्षांत निम्म्याला भिडतो. एकूण रकमेच्या यादीत मोठे देश वर दिसतात आणि टक्क्यांच्या यादीत तरुण माणसे देशात टिकत नाहीत असे देश वर दिसतात. ही दुसरी यादी मला अधिक बोलकी वाटते. लोक परदेशात किती कमावतात यापेक्षा त्यांना आपल्या देशात किती कमावता आले नाही, हे ती सांगते. आपल्या शेजारच्या नेपाळच्या उदाहरणावरून हे नीट समजून घेता येते.

आधी या टक्क्यात काय मोजतात ते पाहू. जागतिक बँकेच्या हिशोबात दोन गोष्टी एकत्र येतात. परदेशी राहणाऱ्यांनी घरच्यांना पाठवलेला पैसा ही एक. वर्षभराहून कमी काळासाठी किंवा हंगामापुरते सीमेपलीकडे जाऊन काम करणाऱ्यांनी मिळवलेला पगार ही दुसरी. या बेरजेला जीडीपीने भागले की टक्का मिळतो. इथे एक गैरसमज हमखास होतो. ‘नेपाळच्या अर्थव्यवस्थेचा चौथा हिस्सा परदेशातून येतो’ असे आपण सहज म्हणतो, पण जीडीपी म्हणजे देशाच्या हद्दीत झालेले उत्पादन, आणि दोह्यात किंवा क्वालालंपूरमध्ये केलेल्या कामाचा मोबदला त्यात धरलेलाच नसतो. म्हणजे हा टक्का म्हणजे एखाद्या वस्तूचा तुकडा नव्हे. बाहेरून आलेली एक रक्कम आणि आत तयार झालेली दुसरी रक्कम शेजारी ठेवून केलेली ही तुलना आहे. त्यामुळे टक्का दोन कारणांनी फुगतो : वरची रक्कम वाढली म्हणून, किंवा खालची वाढायला हवी तशी वाढली नाही म्हणून. वर्तमानपत्री मथळे पहिल्या कारणापाशी थांबतात. नेपाळच्या बाबतीत दुसरे कारण तितकेच महत्त्वाचे आहे.

नेपाळी माणसाचे बाहेर जाणे जुने आहे. महाराजा रणजितसिंहांच्या फौजेत भरती व्हायला डोंगरातली मुले लाहोरला जात, म्हणून परदेशी चाकरी करणाऱ्याला तिथे आजही ‘लाहुरे’ म्हणतात. १८१५-१६ पासून इंग्रजांच्या गुरखा पलटणी उभ्या राहिल्या, आणि पगार व पेन्शनचा पैसा पोखरा-गोरखा भागातल्या खेड्यांत येऊ लागला. मुंबई-पुण्याच्या इमारतींच्या दारावर आणि हॉटेलांच्या भटारखान्यांत दिसणारी नेपाळी माणसे त्याच वाटेने पुढे आलेली. मात्र आज दिसतो तो लोंढा गेल्या तीस-पस्तीस वर्षांतला. १९८५ साली परदेशी रोजगाराचा कायदा झाला. नव्वदच्या दशकापासून आखाती देशांची आणि पुढे मलेशियाची दारे उघडली. १९९६ ते २००६ या काळात माओवादी संघर्षाने खेडी असुरक्षित केली, आणि घरातल्या तरुण मुलाला बाहेर पाठवणे हा पोटापाण्याइतकाच जिवाचाही प्रश्न झाला. १९९५-९६ मध्ये नेपाळच्या २३ टक्के घरांत बाहेरून पैसा येत होता; २०१०-११ मध्ये ५६ टक्के घरांत येऊ लागला. आता दरवर्षी नूतनीकरण धरून सात-आठ लाख श्रम परवाने दिले जातात. २०२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या २ कोटी ९१ लाख भरली आणि सुमारे २२ लाख लोक परदेशी असल्याची नोंद झाली. भारतात खुल्या सीमेवरून ये-जा करणाऱ्यांची मोजणी कधीच पुरती होत नाही, आणि दिवाळी-दसऱ्याला त्यांच्या खिशातून घरी जाणारा पैसाही बँकेच्या वहीत उमटत नाही.

या पैशाने काही चांगले केले नाही, असे म्हणणे अन्याय होईल. १९९५-९६ साली नेपाळमध्ये ४२ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. २००३-०४ मध्ये ते प्रमाण ३१ टक्क्यांवर आणि २०१०-११ मध्ये २५ टक्क्यांवर आले. यांतली पहिली मोठी घट तर देशात यादवी चालू असताना झाली. त्या काळाचा अभ्यास करणाऱ्यांनी या घटीचा सुमारे पाचवा भाग देशांतर्गत व परदेशी अशा दोन्ही स्थलांतरांच्या खात्यावर टाकला आहे. मुलगी शाळेत टिकली, आजारी सासऱ्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेता आले, गवताच्या छपराच्या जागी पत्रा आला, सावकाराकडे गहाण पडलेले शेत सुटले. घराच्या पातळीवर ही मोठी सुटका आहे. शिवाय हा पैसा थेट घरात पडतो. परकीय मदतीसारखा तो मंत्रालयाच्या वाटेत झिरपून जात नाही.

पण तो मिळवायला काय मोजावे लागते, तेही जवळून पाहिले पाहिजे. २०१५ साली नेपाळ सरकारने मलेशिया आणि सहा आखाती देशांसाठी ‘फ्री व्हिसा, फ्री तिकीट’ धोरण जाहीर केले. एजंटाने सेवाशुल्क म्हणून दहा हजार नेपाळी रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत असे ठरले. प्रत्यक्षात एजंट, उपएजंट, वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षण अशा वाटांनी याच्या अनेक पट रक्कम जाते, आणि पावती मात्र दहा हजारांचीच हातात पडते. हे पैसे खेड्यात उभे राहतात ते बहुधा सावकाराकडून, शेकडा तीन रुपये महिना दराने. समजा, धनुषा जिल्ह्यातल्या एका तरुणाने दीड लाख उचलले. महिन्याचे व्याजच साडेचार हजार झाले. पहिला पगार हातात येईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात, तोवर व्याज मुद्दलात मिसळते, आणि त्याच्या कामाचे पहिले वर्ष बहुतांशी गावच्या सावकारासाठी जाते. त्याने पाठवलेला प्रत्येक हप्ता मात्र नेपाळ राष्ट्र बँकेच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, आकड्यात ‘आवक’ म्हणूनच मिळवला जातो. जाण्यासाठी काढलेल्या कर्जाची किंमत त्यातून वजा होत नाही. कडक उन्हात बांधकामावर राबून परत न आलेल्यांची तर नाहीच नाही. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर अशा शवपेट्या जवळजवळ रोज उतरतात.

आता हा पैसा देशात आल्यावर कुठे जातो ते पाहू. नेपाळ राष्ट्र बँकेच्या हिशोबानुसार २०२३-२४ या आर्थिक वर्षात परदेशातून १ लाख ४४ हजार ५०० कोटी नेपाळी रुपये आले. त्याच वर्षी देशाने १ लाख ५९ हजार कोटींचा माल आयात केला आणि जेमतेम १५ हजार कोटींचा निर्यात केला. म्हणजे मालाच्या व्यापारातली तूट १ लाख ४४ हजार कोटींची. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर फरक जवळजवळ उरत नाही. माणसे बाहेर पाठवून जेवढे परकीय चलन मिळाले, तेवढेच पेट्रोल-डिझेल, मोटारसायकली, मोबाइल, पोलाद, खाद्यतेल आणि तांदूळ आणण्यात निघून गेले. नेपाळची सगळ्यात मोठी निर्यात माणसांची आहे, आणि त्या निर्यातीवर बाकी सगळ्याची आयात चालते.

सरकारला मात्र या चक्रातून वाटेतच उत्पन्न मिळते. आयात झाली की सीमाशुल्क, व्हॅट, अबकारी कर नाक्यावरच वसूल होतात, आणि नेपाळच्या करमहसुलाचा फार मोठा भाग असा सीमेवर गोळा होतो. पोराने कतारमधून पैसा पाठवावा, घरच्यांनी त्यातून आयात वस्तू घ्यावी आणि सरकारने तिच्यावर कर घ्यावा, असा हा क्रम आहे. माझा मुख्य आक्षेप या व्यवस्थेवर आहे. कारखाने चालले नाहीत, शेती पडीक राहिली, तरी तिजोरीत पैसा येत राहतो. परकीय चलनाची गंगाजळी भरलेली राहते, कर्मचाऱ्यांचे पगार होतात आणि कुठल्याही अर्थमंत्र्याला रात्री झोप येते. रोजगार निर्माण करणे हे राज्यकर्त्यांसाठी निकडीचे काम उरत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नेपाळच्या जीडीपीत कारखानदारीचा वाटा नऊ टक्क्यांच्या आसपास होता. आज तो पाच टक्क्यांच्या घरात आहे.

याचे सगळे खापर परदेशी पैशावर फोडणेही चुकीचे ठरेल. २००५ मध्ये कापड व्यापारातला जागतिक कोटा संपला आणि नेपाळचा तयार कपड्यांचा धंदा कोसळला. यादवी होती. नंतर कित्येक वर्षे भारनियमन असे होते की हिवाळ्यात दिवसाचे अठरा-अठरा तास वीज नसे. पण हे घाव भरून निघाले नाहीत, यात परदेशी पैशाचा हात आहे. १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे. बाहेरून पैसा येत राहिला की देशातली मजुरी, जमीन, घरभाडे महागते, चलन मात्र स्वस्त होत नाही, आणि भारतातून येणारा माल स्थानिक मालापेक्षा परवडू लागतो. गावात नांगर धरायला माणूस मिळेना, मिळाला तर त्याची मजुरी परवडेना, म्हणून शेत पडीक पडते आणि तांदूळ सीमेपलीकडून येतो.

इथे नेहमी एक तक्रार ऐकू येते : लोकांनी हा पैसा खाऊन टाकला, गुंतवला नाही. २०१०-११ च्या पाहणीत या पैशातला ७९ टक्के भाग रोजच्या खर्चात जातो असे निघाले. कर्जफेडीला ७ टक्के, आणि भांडवल म्हणावे अशा कामाला जेमतेम दोन-अडीच टक्के. या आकड्यावरून नेपाळी कुटुंबांना उधळे ठरवणे मला मुळीच मान्य नाही. रोजचा खर्च म्हणजे तांदूळ, डाळ, औषधे, कपडे. ज्या घरात वर्षातले चार महिने धान्य पुरत नव्हते, त्या घराने आधी पोटभर खायचे की कारखाना काढायचा? वाळवंटात पाइप जोडणाऱ्या माणसाने पगारही मिळवावा आणि वर देशाचे उद्योगधोरणही चालवावे, ही अपेक्षा ज्यांचे ते काम आहे त्यांनी झटकून टाकलेली जबाबदारी आहे. रस्ता, वीज, कर्ज मिळण्याची सोय, मालाला बाजार, तंट्याचा वेळेत निकाल या गोष्टी एका घराच्या आवाक्यातल्या नसतात. त्या नसतील तेव्हा शिल्लक पैशाचा प्लॉट घेणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो, आणि काठमांडू खोऱ्यात जमिनीचे भाव आभाळाला भिडले ते त्यामुळेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. केरळकडे बघा, असे सांगतात. २०२३ च्या केरळ स्थलांतर पाहणीनुसार त्या वर्षी राज्यात परदेशातून सुमारे २ लाख १७ हजार कोटी रुपये आले आणि ही रक्कम राज्याच्या निव्वळ उत्पन्नाच्या जवळजवळ पाव हिस्सा भरते. म्हणजे भारताच्या साडेतीन टक्क्यांच्या सरासरीत नेपाळइतका अवलंबून असलेला एक प्रदेश दडलेला आहे, आणि तरीही केरळ देशातल्या सुस्थितीतल्या राज्यांत मोडते. मग मोठा टक्का हा दोष कसा? उत्तर केरळच्या इतिहासात आहे. शाळा, दवाखाने, वाचनालये आणि जमीनसुधारणा तिथे आखाताच्या आधी झाल्या होत्या. आखाताचा पैसा तयार पायावर पडला, म्हणून तिथला माणूस पुढे परिचारिका, लेखापाल, अभियंता म्हणून गेला. शिवाय केरळला स्वतःचे चलन सांभाळायचे नसते, व्यापारतुटीचे ओझे पूर्ण देशावर विभागलेले असते. आणि इतके असूनही शिकलेल्या केरळी तरुणाला राज्यात मनाजोगे काम मिळत नाही. त्याच वेळी बांधकामावर, हॉटेलात राबायला बंगाल, आसाम, ओडिशातून लाखो माणसे तिथे येतात. केरळने पैशाचा उपयोग चांगला केला, हे खरे. पण केरळलाही कामाचा प्रश्न या पैशाने सोडवता आलेला नाही.

आपल्याला हे समजायला केरळपर्यंतही जायला नको. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कित्येक दशके मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरवर जगले. चाकरमानी गिरणीत, गोदीत राबायचा, गावची चूल पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून असायची. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कर्ते पुरुष बाहेर असल्याची ही खूण नेपाळच्या जनगणनेतही दिसते. मनिऑर्डरने कोकणातली घरे तगवली, मुले शिकवली. पण तिने कोकणात धंदे उभे केले नाहीत, आणि जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा त्याची झळ थेट गावच्या चुलीपर्यंत पोचली. काम एकीकडे आणि घर दुसरीकडे असले, की कामाच्या ठिकाणचा निर्णय घराचे नशीब ठरवतो आणि घराला त्यात विचारले जात नाही.

तिसरे म्हणणे असे की हा पैसा संकटात पाठीशी उभा राहतो, गुंतवणूकदारांसारखा पळून जात नाही. हे बऱ्याच अंशी खरे आहे. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळमध्ये पैशाचा ओघ वाढला, कारण पडलेली घरे उभी करायची होती. २०२० च्या एप्रिलमध्ये जागतिक बँकेने गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांकडे येणारा असा पैसा २० टक्क्यांनी घटेल असा अंदाज केला होता. प्रत्यक्षात घट दोन टक्क्यांच्या आसपास राहिली. मात्र त्यात एक खाच आहे. विमाने बंद झाल्यावर हुंडीची, म्हणजे बँकेबाहेरची, वाट बंद झाली आणि पूर्वी न दिसणारा पैसा बँकेतून येऊ लागला, म्हणून नोंद वाढली. आणि आधार टिकाऊ असला तरी त्याचा दोर दुसऱ्याच्या हातात असतो. ताजिकिस्तानची माणसे रशियात कामाला जातात, म्हणून त्या देशाचे भाग्य रूबलच्या भावाला आणि मॉस्कोच्या व्हिसाधोरणाला बांधलेले आहे. २०२२ मध्ये ओघ मंदावला आणि आयात फुगली, तेव्हा नेपाळला मोटारी, दारू, महागडे मोबाइल अशा मालाच्या आयातीवर बंदी घालावी लागली.

त्यानंतर ओघ पुन्हा वाढला, इतका की २०२४-२५ मध्ये आवक १ लाख ७२ हजार कोटी नेपाळी रुपयांवर गेली आणि टक्का २८ च्या पुढे सरकला. परकीय गंगाजळी पंधरा महिन्यांची आयात भागेल इतकी झाली. बँकांत पैसा पडून होता, व्याजदर उतरले होते, तरी कर्ज घ्यायला उद्योजक पुढे येत नव्हते. पैशाची उणीव हे नेपाळच्या बेकारीचे कारण असते, तर त्या वर्षी चित्र पालटायला हवे होते. त्याऐवजी कामाच्या शोधातल्या १५ ते २४ वयाच्या पाच मुलांत एकाहून अधिक बेकार होती. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने एकदम २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. ज्या देशात लाखो घरांचा बाप, नवरा, मुलगा फोनच्या पडद्यावरच भेटतो, त्या देशात ही बंदी किती घरांच्या वर्मी लागली असेल! ८ सप्टेंबरला मुले रस्त्यावर उतरली, गोळीबार झाला, दुसऱ्या दिवशी सरकार गेले. त्या दिवसांत सत्तरहून अधिक माणसे मेली. मुलांचा राग भ्रष्टाचारावर होता, पुढाऱ्यांच्या पोरांच्या चैनीवर होता, आणि शिकून विमानतळ गाठण्यावाचून दुसरी वाट नाही यावरही होता.

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली मांडले होते की व्यवस्थेवर असमाधानी माणसापुढे निघून जाणे किंवा आवाज उठवणे अशा दोन वाटा असतात, आणि पहिली सोपी झाली की दुसरी दुबळी होते. नेपाळने तीस वर्षे पहिली वाट रुंद केली. जी पिढी काम मागायला सिंहदरबारासमोर, म्हणजे सरकारच्या दारात, उभी राहिली असती, ती परवाना घेऊन विमानात बसली, आणि तिने पाठवलेल्या पैशावर तोच कारभार पुढे चालला. म्हणून परवान्यांची संख्या, एजंटांवरचा वचक आणि पैसा पाठवण्याचा खर्च या गोष्टी सुधारणे गरजेचे असले तरी तेवढ्याने हा टक्का उतरणार नाही. गेलेल्यांना देशाच्या कारभारात जागा मिळाली पाहिजे. मार्च २०१८ मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशातल्या नागरिकांना मतदानाची सोय करून द्या, असा आदेश सरकारला दिला. त्यानंतर २०२२ ची सार्वत्रिक निवडणूक आली आणि गेली. देशाच्या पाव जीडीपीएवढी रक्कम घरी पाठवणाऱ्या माणसांना त्या निवडणुकीत मत देता आले नाही.